उजवी बाही

ब्लूमेनहोफ, चिवावा, मेक्सिको
४ मार्च १९९१

प्रिय युस्टिना मावशी,

आम्ही सगळे खुशाल आहोत आणि इथली थंडी ओसरली आहे. तुझे पाय कसे आहेत? कॅनडात गेल्यापासून तू कारखान्यात टोमॅटोच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभीच आहेस असं वाटतं. आई असती तर हे पत्र तिला गेलं असतं. आता तुलाच.

मुलगी झाली. सासूबाईंचंच नाव ठेवलं, हेलेना. बाळंतपण त्यांनीच केलं, सगळ्या गावाची त्याच करतात. मला फार वेळ लागला. डोकं आलं आणि पुढे काहीच सरकेना. खांदा अडकला होता म्हणे. मी ओरडत होते आणि सासूबाई माझ्यावर ओरडत होत्या, "आता दम सोडलास तर बघ!" शेवटी त्यांनी पलंगाला पाय टेकवून ओढलं, तेव्हा ती आली. निळी पडली होती. त्यांनी पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या, मग रडली. योहान अंगणात सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. इतकी टरफलं सांडली की कोंबड्या गोळा झाल्या.

बाळ दांडगं आहे. सगळे म्हणतात गुणी आहे, इतरांसारखे हातपाय झाडत नाही. डावी मूठ तोंडात घालते. उजवा हात मात्र अंगाशी सरळ ठेवून पडते, पंजा मागे वळवून, जणू मागून कोणी गुपचूप काही देतंय. झबल्याची उजवी बाही घालताना किंचाळते. त्या कुशीवर घेतलं की दूधही ओढत नाही. सासूबाई म्हणतात, "उजवा आळशी आहे, बापावर गेलाय." घट्ट गुंडाळलं की शांत होते, म्हणून दिवसभर गुंडाळूनच ठेवतो. त्याच हातात बोट दिलं तर पक्कं धरते, म्हणजे काळजीचं काही नाही. हो ना?

तुझी
आगाथा


लीमिंग्टन, ओन्टारिओ
२१ मार्च

आगाथा,

तब्येतीचं नंतर. "हो ना" म्हणून विचारलंस, तर ऐक. नाही.

मला गोड लिहिता येत नाही. चार बुकं शिकले आणि तेवढ्यावर निघाले, ते तुला माहीत आहे. कारखान्याच्या पाळीवरून आत्ताच आले, बूट काढायचं त्राण नाही, तशीच लिहायला बसले आहे.

त्या पोरीला सोड त्या गुंडाळ्यातून. पार उघडी कर, चुलीजवळच्या टेबलावर उताणी ठेव आणि उगी असताना शेजारी झाकण आपट. मूल दचकतं तेव्हा दोन्ही हात फेकतं, कवेत घ्यायला निघाल्यासारखे. माझ्या नातवाच्या वेळी इथल्या नर्सबाईने असंच करून पाहिलं होतं. मी म्हटलं, "बाई, पोराला घाबरवताय कशाला?" तर म्हणाली, "दोन्ही हात येतात का बघतेय." एवढंच मला येतं, पण एवढं पुरे आहे. एकच हात आला तर डॉक्टर.

बोट धरते म्हणून सुटलात असं समजू नका. इसाकही धरायचा.

तुझ्या इसाकमामाला शिंगराने लाथ मारली असं तुला सांगितलं असणार. सगळ्यांनाच सांगितलं. शिंगरू बिंगरू काही नव्हतं. मी त्याचा पाळणा हलवलाय. तो जन्मला त्या दिवसापासून तो हात तसाच पडून असायचा, पंजा मागे. आमची आई म्हणायची, येईल बळ. गुंडाळलं की दिसायचंच नाही, मग कोण बघतंय? आज माणूस पन्नाशीला आला, उजव्या हाताने डोक्यावर टोपी ठेवता येत नाही. एका हाताने दूध काढतो आणि लोक शिंगराची गोष्ट सांगतात.

तुझी सासू मूल ओढते तसं मी वासरूही ओढत नाही. पलंगाला पाय टेकवून! देवाने तिला हात दिलेत की नांगर? त्या बाईला म्हणावं, आता तरी तोंड मिटून तुला शहरात जाऊ दे. क्वाउतेमोकला मुलांचे डॉक्टर आहेत. आणि हाडं बसवणाऱ्या फ्रीसेनला त्या खांद्याला बोट लावू देऊ नकोस. त्याने एकदा माझी पाठ बसवली होती, अजून बसलेलीच आहे.

वाट बघू नकोस. अशा हाताला लहानपणीच काय ते करता येतं म्हणतात.

युस्टिना


ब्लूमेनहोफ
९ एप्रिल

प्रिय मावशी,

आम्ही सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असाल.

तुझं पत्र ईस्टरनंतरच्या रविवारी मिळालं. दुपारच्या कॉफीला योहानने ते नेहमीसारखं सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचलं. धर्मगुरू पेनर आणि त्यांची बायको आली होती, शेजारचे होते, सासूबाईंच्या दोन्ही बहिणी होत्या. शेवटपर्यंत वाचलं.

फ्रीसेनकाका येऊन बाळाचा खांदा बघून गेले. सांधा सरकला होता, तो बसवला म्हणाले. हंसाची चरबी चोळायला सांगितली आहे. बाळ खूप रडलं आणि मग झोपलं.

सगळं ठीक आहे. काळजी करू नये.

आगाथा


लीमिंग्टन
२२ एप्रिल

आगाथा,

हे पत्र टपालाने नाही. टीना वॉल तिच्या आईला भेटायला व्हॅनने खाली मेक्सिकोत येते आहे, तिच्या पिशवीत घातलं आहे. तिला बजावलंय, गोठ्यात गाठ आणि तिच्याच हातात दे.

"सगळं ठीक आहे" हे तू लिहिलंस की तुझ्या मागे उभं राहून कोणी लिहून घेतलं? "तुम्हीही असाल" म्हणे. मला तुम्ही कधीपासून म्हणायला लागलीस?

रविवारच्या कॉफीला पत्र वाचतात हे मी विसरले. इथे प्रत्येकाचं पाकीट प्रत्येकजण आपापलं फोडतो, सवय गेली माझी. पण त्या योहानला डोळे नव्हते? वासरापर्यंत आल्यावर गड्याला खोकला काढता आला नाही?

खरं काय ते टीनाजवळ लिहून दे. झाकण आपटलंस का?

युस्टिना


ब्लूमेनहोफ
३ मे

मावशी,

टीना परसात उभी आहे, तिला उद्या निघायचं आहे, म्हणून घाईत लिहिते.

आपटलं. घरात नाही, गोठ्यात. गवतावर पांघरूण घातलं, तिला उघडी ठेवली आणि दुधाच्या कॅनचं झाकण आपटलं. डावा हात वर फेकला तिने, बोटं पसरून. उजवा हललाच नाही. आत कोणी नसलेल्या बाहीसारखा पडून राहिला. पुन्हा आपटलं, तेच. मग ती रडायला लागली आणि मीही.

फ्रीसेनकाका दोनदा येऊन गेले. ते धरतात आणि ओढतात. मी सासूबाईंना म्हटलं, नको आता. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? तुझ्या मावशीला विचार, ती कॅनडातून बाळंतपणं करते."

तुझं पत्र वाचून झालं. पेनरबाईंनी पाव खाली ठेवला. सासूबाई उठल्या, सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली, स्वतःच्या नाही, आणि आत गेल्या. तेव्हापासून माझ्याशी लागेल तेवढंच बोलतात. गावात दोघी बाळंत झाल्या, पण सासूबाईंना बोलावणं आलं नाही. दुसरीकडून बाई आणली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या घराचे पडदे धुतले.

योहान वाईट नाही. त्यालाही हात दिसतो. पण तो म्हणतो, डॉक्टरकडे गेलो म्हणजे आईनेच हात मोडला असं गावासमोर मान्य केलं. "तुझ्या मावशीने शब्द मागे घेऊ दे, मग बग्गी जोडतो." मी एकटी कशी जाऊ? मला आपली जर्मनच येते, स्पॅनिश येत नाही. घरात नीट स्पॅनिश येतं ते फक्त सासूबाईंना, चीज विकून विकून शिकल्या आहेत. योहान तर दुकानात खिळे मागायलाही बोटं दाखवतो.

तू म्हणालीस वाट बघू नकोस. मी वाट बघत नाहीये मावशी. मला कोणी नेत नाहीये.

आगाथा


लीमिंग्टन
१४ मे

विहीणबाई हेलेना पीटर्स यांना,

हे पत्र सगळ्यांसमोर वाचावं. रविवारीच वाचावं. पेनर असतील तर बरंच, नसतील तर त्यांना बोलवा. योहान, खोकला न काढता वाच.

हे माझं चौथं पान आहे, आधीची तीन चुलीत गेली. माझा नवरा म्हणाला, "झोप आता, तुझ्याने मऊ लिहिणं व्हायचं नाही." म्हणून मऊ नाही, खरंच लिहिते.

मागच्या पत्रात मी वासराचं लिहिलं. ते लिहायला नको होतं. आमच्या पट्ट्यावर यंत्रांचा इतका आवाज असतो की माणसाला ओरडूनच बोलायची सवय लागते. तसं मी कागदावर ओरडले, आणि ते तुम्हाला तुमच्याच टेबलावर, पाहुण्यांच्या देखत ऐकावं लागलं. मला तसं कोणी केलं असतं तर मी कॉफी ओतली नसती, फेकली असती. तुम्ही ओतलीत. शब्द मागे घेते.

पण एक मागे घेत नाही, कारण ते खोटं होईल. त्या हातात बळ नाही. तुम्हालाही ते दिसतं. तुम्ही एवढी मुलं हातात घेतलीत, तुम्हाला दिसत नसेल असं मी मानणार नाही.

डोकं बाहेर आणि खांदा आत, असं मूल अडकलं होतं. माझी मेलेली बहीण मारिया, आगाथाची आई, तिचं दुसरं असंच अडकलं होतं. तिथे तुमच्यासारखं कोणी नव्हतं. पोर बाहेर आलंच नाही, आणि मग मारियाही राहिली नाही. आगाथा तेव्हा इतकी लहान होती की तिला हे ठाऊक नाही, आज ह्या टेबलावर कळतंय. तुम्ही ओढलंत म्हणून आज तुमच्या नावाची एक मुलगी त्या घरात रडते आहे. हात दुखावला आणि जीव वाचला, दोन्ही एकाच ओढीत झालं. मी पहिलंच तेवढं लिहिलं. दुसरं लिहायला मला एवढा उशीर लागला.

आता मागणं. आगाथाला स्पॅनिश येत नाही. योहान डॉक्टरसमोर टोपी फिरवत उभा राहील. मूल कसं आलं, काय अडलं, कुठून धरलं, हे डॉक्टर विचारणार, आणि ते ज्याने पाहिलं त्यालाच सांगता येणार. पाहिलंत तुम्ही. तेव्हा डॉक्टरकडे बाळाला तुम्ही नेल्याशिवाय ते जाणं काही कामाचं नाही. सुनेबरोबर सोबत म्हणून नको. तुम्ही न्या.

आणि फ्रीसेनना सांगा, त्यांचे उपकार आहेत, पण आता खांदा ओढू नका. पाहिजे तर माझी पाठ बसवायला इकडे यावं, मी सूर्यफुलाच्या बिया घेऊन बसते.

थकले आहे, विहीणबाई. इसाकला जेवताना बघायची माझी हौस फिटली आहे. आणखी एक तसं बघायचं नाही.

युस्टिना क्लासेन


ब्लूमेनहोफ
६ जून

मावशी,

आधी सांगते, जाऊन आलो.

तुझं पत्र रविवारी आलं आणि सासूबाईंनी ते स्वतः योहानच्या हातात दिलं. "वाच," म्हणाल्या, "काय व्हायचं ते टेबलावर होऊ दे." पेनर होते. योहान वाचताना दोनदा थांबला, पण खोकला काढला नाही. आईचं आलं तेव्हा मी उठून बाहेर गेले. मला कोणी सांगितलंच नव्हतं मावशी. तापाने गेली एवढंच ठाऊक होतं. तुझ्यावर मी पुढच्या पत्रात रागावणार आहे, आत्ता वेळ नाही.

परत आत आले तर सासूबाई स्वतःच्या कपात कॉफी ओतत होत्या. म्हणाल्या, "बाई उद्धट आहे. पण काय बोलते ते कळतं." मग योहानला म्हणाल्या, "घोडी बुधवारी लागेल. आणि टोपी घरी ठेव, म्हणजे फिरवायला काही राहणार नाही." पेनरबाईंना हसू आलं, त्यांनी ते पावात दडवलं.

डॉक्टर एक तरुण बाई आहे, काळे केस, हातात अंगठी नाही. तिने हेलेनाला उघडी केली, इकडून तिकडून वळवलं, डोळ्यासमोर किल्ल्या खुळखुळवल्या. हात धरला पण ओढला नाही. मग विचारलं काहीतरी. सासूबाई बोलायला लागल्या. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. योहानही नुसता भिंतीकडे बघत होता.

पण मावशी, मला हात दिसत होते. सासूबाईंनी रिकाम्या हवेत डोकं धरलं, असं. मग एका बाजूला वाकवलं, खाली. पाय जमिनीवर रोवून ओढून दाखवलं, डॉक्टरने तेवढं मागितलंही नसेल. आणि ओढताना मध्येच थांबल्या. बाळाच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली, मानेपासून खाली नेली आणि तिथेच ठेवून दिली. डॉक्टर लिहायची थांबली. तिने सासूबाईंच्या मनगटावर हात ठेवला. नंतर योहानने विचारलं, "आई, काय सांगितलंस?" तर म्हणाल्या, "जे झालं ते."

डॉक्टरचं म्हणणं असं. हाड मोडलेलं नाही, सांधाही सरकला नव्हता. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आहेत. तुटल्या आहेत की नुसत्या ताणल्या, ते आत्ता सांगता येत नाही. लंगोट बदलताना दर वेळी हात हळू वर न्यायचा, बाहेर न्यायचा, कोपर वाकवायचं. खांद्याला धरून उचलायचं नाही, गुंडाळताना हात मोकळा ठेवायचा. अधूनमधून दाखवायला यायचं. कोपर आपणहून वाकायला लागलं तर चांगलं. नाही वाकलं तर मोठ्या शहरात कापून नसा जोडणारे डॉक्टर आहेत, पण तेही फार उशिरा गेलं तर काही करू शकत नाहीत. आणखी लवकर आला असतात तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली का, ते मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तेवढं मला कळलं नाही." त्यांना सगळं कळतं.

झबलं घालताना आता उजवी बाही आधी घालायची असते, डॉक्टरने शिकवलं. ते काम सासूबाई कोणालाच करू देत नाहीत.

तुझी
आगाथा


लीमिंग्टन
२७ जून

आगाथा,

रागाव. टपाल उघडं आहे. तुझ्या आईचं तुला सांगायचं मी इतकी वर्षं उद्यावर टाकत आले, आणि शेवटी परक्या टेबलावर सांगितलं. त्याला दुसरी वाट असती तर मी तीच धरली असती.

हंगाम सुरू झालाय, दोन पाळ्या करते आहे. आता लांब लिहिणं होणार नाही. मला एकच कळव. कोपर वाकलं का? पत्रात हवापाणी घालू नकोस, हवापाणी मला ठाऊक आहे, तिथे पाऊस पडत नसतो.

मावशी


ब्लूमेनहोफ
८ सप्टेंबर

विहीणबाई युस्टिना,

आगाथा सफरचंदं वाळवायला बसली आहे, म्हणून मी लिहिते. माझं अक्षर तुमच्याहून वाईट आहे, याचा मला आनंद आहे.

हे पत्र तुमच्या घरी चारचौघांत वाचत नाहीत ना? वाचत असाल तर इथेच थांबा.

मला पुन्हा बोलावणी यायला लागली आहेत. गेल्या महिन्यात गावातल्या डिकच्या सुनेचं बाळंतपण झालं. मूल पुसलं, नाळ बांधली, आणि गुंडाळायच्या आधी टेबलावर ठेवून मी शेजारी झाकण आपटलं. डिकची आई दचकून खुर्चीवरून उठली, "हेलेना, डोकं फिरलं का?" दोन्ही हात वर आले. मग गुंडाळलं. आता सगळ्यांच्या घरी असंच करते. म्हातारी भांडी आपटत फिरते म्हणतात. म्हणू देत.

आमच्या हेलेनाला झाकणाचं आता काही वाटत नाही, त्या वयाच्या पुढे गेली. म्हणून डॉक्टरबाई दुसरंच करते. चांगला हात धरून ठेवायचा आणि दुसऱ्यात खाऊ द्यायचा. तुम्ही घाईच्या, म्हणून काल झालेलं आजच कळवते.

मी तिचा डावा हात धरला आणि उजव्यात वाळलेला पाव दिला. तिने पावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कोपर वाकलं. आपणहून, विहीणबाई, माझा हात तिथे नव्हता. तिचा हात छातीपर्यंत आला आणि अडकला. खांद्याला पुढे उचलता येत नाही. डॉक्टरबाई म्हणते मोठ्या शहरात दाखवू या, घोडी तिथवर जात नाही, तेव्हा पेनरच्या भाच्याची गाडी सांगितली आहे. मीच नेणार आहे.

पाव तोंडापासून चार बोटांच्या अंतरावर राहिला होता. मी डावा हात सोडणार, इतक्यात तिने मान खाली घातली आणि चावला.

हेलेना पीटर्स